आपल्याच संघाचा खेळाडू धडपडत असेल तर चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवावी का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "तिकीट मी काढतो, हंगामभर जीव माझा टांगणीला लागतो, मग फॉर्म हरवलेल्या खेळाडूवर ओरडायचा हक्क मला का नसावा?" हक्क आहे. तो कोणी काढून घेतलेला नाही, घेऊही नये. पण तो त्या एका खेळाडूवर वापरावा का, तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मी बरीच वर्षं स्थानिक फुटबॉल लीगमध्ये सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू होतो आणि माझ्या डाव्या हाताला लेफ्ट बॅक, म्हणजे डावा बचावपटू म्हणून माझा धाकटा भाऊ खेळायचा. त्याची हुर्यो आमच्याच लोकांनी उडवली. त्या लोकांत आमचे सख्खे काका होते.

घोट्याच्या दुखापतीतून तो नुकताच परतला होता. गोलरक्षकाकडे दिलेला त्याचा एक बॅकपास कमी पडला, समोरच्या संघाच्या स्ट्रायकरने मधेच गाठला आणि गोल. तो सामना आम्ही हरलो. अशी चूक ज्याच्या नावावर नाही असा बचावपटू मला अजून भेटलेला नाही. पण घरच्या मैदानावरच्या पुढच्या सामन्यात त्याच्या पायाला पहिल्यांदा चेंडू लागला आणि स्टँडमधून शिट्टी आली. एकाने वाजवली की दुसऱ्याला धीर येतो. अर्ध्या तासात अशी वेळ आली की त्याने साधा पास बरोबर दिला तरी उपहासाच्या टाळ्या पडत होत्या.

आता नीट वाचा, कारण स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला हे दिसत नाही. आमच्या मैदानाला एकाच बाजूला स्टँड होता. पहिल्या हाफमध्ये लेफ्ट बॅकची टचलाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेषा, बरोबर त्या स्टँडच्या पायाशी यायची, इतकी जवळ की थ्रो-इन घेताना कोण काय बोलतोय हे शब्दन् शब्द ऐकू यायचं. माझा भाऊ हळूहळू आत सरकायला लागला. दोन पावलं, मग पाच, मग दहा. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि त्याचं त्यालाही ते कळत नव्हतं. तो फक्त त्या आवाजापासून लांब जात होता. मी शेजारी असल्यामुळे मला ते दिसत होतं, मी ओरडून त्याला बाहेर ढकलत होतो, तो जायचा आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा आत यायचा. टचलाइन आणि तो यांच्यात एक मोकळी पट्टी तयार झाली. मी तिकडे झाकायला गेलो की मधली जागा उघडी पडायची.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आमच्या गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला की लेफ्ट बॅकने रुंद होऊन, म्हणजे टचलाइनकडे सरकून, चेंडू मागायचा असतो. माझा भाऊ समोरच्या संघाच्या विंगरच्या, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्याच्या, मागे लपायला लागला. त्याच्याकडे पासच जाऊ नये अशा बेताने तो उभा राहायचा. चुकून चेंडू आलाच तर अंग पुढे वळवून पहिला स्पर्श मोकळ्या जागेत घ्यायचा सोडून तो एका फटक्यात मागे द्यायचा. मागे दिला की स्टँड पुन्हा ओरडायचा, भित्रा म्हणून. तो भित्रा नव्हता. त्याने पुढे धावत जाऊन कडेवरून गोलसमोर मारलेल्या चेंडूंवर, म्हणजे क्रॉसवर, आम्ही कितीतरी सामने जिंकले होते. पण पुढे गेलो आणि चेंडू गमावला तर काय ऐकावं लागेल, हे कळल्यावर कोण पुढे जाईल?

आणि हा आवाज फक्त आपल्या खेळाडूला ऐकू येत नाही. त्यांचा प्रशिक्षक टचलाइनवर उभा होता. त्याने आपल्या विंगरला हाक मारली, "त्याच्यावरच जा, सगळे त्याच्यावरच जा." आमचा कच्चा दुवा कुठे आहे हे त्याला आमच्याच लोकांनी दाखवलं होतं. मध्यंतराच्या थोडं आधी त्या मोकळ्या पट्टीतून त्यांचा विंगर सुटला, क्रॉस आला, आणि मी मधे एकटा पडलो होतो. गोल.

त्या रात्री घरी काका म्हणाले, "बघितलंस? तुझा भाऊ जागेवरच नव्हता." नव्हताच. तो जागेवर का नव्हता, हे मी त्यांना तेव्हापासून सांगतोय.

काकांना खलनायक समजू नका. आम्हा दोघांना चेंडूला लाथ मारायला त्यांनीच शिकवलं. सामना असला की ते सगळ्यांच्या आधी मैदानावर. म्हणूनच त्यांची शिट्टी माझ्या भावाला वेगळी ओळखू यायची. त्या हंगामानंतर तो दुसऱ्या क्लबकडे गेला. तिथे स्टँड नव्हताच, बघायला येणारी माणसं मोजकी, आणि प्रशिक्षकाने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की पुढे जा, चेंडू गेला तर मागचं मी बघतो. काही महिन्यांत तो पूर्वीसारखा खेळायला लागला. पुढच्या हंगामात आमच्याविरुद्ध आला आणि त्याने आमच्या राइट विंगरला हलू दिलं नाही. तेव्हा काका स्टँडमध्ये उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्यांना सांगत होते, "आम्ही तेव्हा ओरडलो, म्हणून आज असा खेळतोय."

हे वाक्य मला सहन होत नाही. खेळाडू ढासळला तर दोष त्याच्या काळजाचा, आणि सावरला तर श्रेय शिट्टी वाजवणाऱ्याचं. असा हिशेब केला की शिट्टी वाजवणारा कधीच चुकत नाही.

मोठ्या फुटबॉलमध्येही हाच हिशेब चालतो. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या ग्रॅनिट झाकाचं उदाहरण काका मला दर वेळी देतात, म्हणून तेच घेतो. ऑक्टोबर २०१९, क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा घरचा सामना. आर्सेनलची २-० आघाडी जाऊन २-२ झालं होतं. एकसष्टाव्या मिनिटाला बदलीच्या फलकावर कर्णधार झाकाचा क्रमांक आला आणि घरच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. तो सावकाश चालत निघाला तेव्हा त्याची हुर्यो उडवली. त्याने कानामागे हात धरला, जर्सी काढून टाकली आणि ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात थेट निघून गेला. कर्णधारपद गेलं. नंतर त्याने जाहीर निवेदनात सांगितलं की त्याला पाय मोडण्याच्या धमक्या आल्या होत्या आणि त्याच्या बायकोबद्दल, तान्ह्या मुलीबद्दल भयंकर गोष्टी लिहिल्या गेल्या होत्या. तो क्लब सोडायच्या बेतात होता. नवे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांनी त्याला थांबवलं, विश्वास दाखवला आणि पुढे त्याची खेळायची जागाही बदलली, त्याला डावीकडे वर सोडलं. २०२२-२३ मध्ये आर्सेनल लीगमध्ये दुसरा आला, झाकाने त्या लीग हंगामात सात गोल केले, आणि त्याच प्रेक्षकांनी त्याच्या नावाची गाणी म्हटली. मग तो जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबला गेला आणि २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग जिंकला. जर्मन कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचाच.

काका म्हणतात, बघ, हुर्योने जिद्द आली. काका, त्या दिवसापासून त्या गाण्यांपर्यंत तीन वर्षं गेली, मधे दुसरा प्रशिक्षक आला, त्याने समजूत घातली, जागा बदलली. एवढं सगळं झाल्यावर श्रेय त्या संध्याकाळच्या शिट्ट्यांना कसं जातं? त्या शिट्ट्यांनी एवढंच साधलं की तो जवळजवळ गेलाच होता.

मला स्वतःला जास्त झोंबतो तो त्याच क्लबचा २००८ च्या डिसेंबरमधला विगनविरुद्धचा सामना. इमॅन्युएल एबुए दुखापतीतून परतला होता. मूळचा राइट बॅक. समीर नासरी जखमी झाला म्हणून त्याला पहिल्याच हाफमध्ये उतरवलं आणि डाव्या बाजूला मिडफिल्डमध्ये खेळवलं. नीट खेळला नाही. प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की बदली म्हणून आलेल्या त्याला शेवटी बदलून बाहेर घ्यावं लागलं. आर्सेनल तो सामना १-० ने जिंकला! जिंकलेल्या सामन्यात, दुखापतीतून आलेल्या, सवयीच्या जागेवर नसलेल्या माणसाला घरच्यांनी असं बाहेर पाठवलं. त्यातून कोणाला काय मिळालं, हे मला कोणीतरी सांगावं.

"एवढा पगार घेतात, मग एवढं सहन करायला नको?" हा पुढचा मुद्दा असतो, तुमच्याही प्रश्नात आहे. पगाराने कातडी जाड होत नाही. आंद्रे गोमेस बार्सिलोनाचा मिडफिल्डर होता, पोर्तुगालकडून २०१६ ची युरो, म्हणजे युरोपची राष्ट्रीय संघांची स्पर्धा जिंकलेला. बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊ मैदानावर त्याला सतत शिट्ट्या पडायच्या. मार्च २०१८ मध्ये एका मुलाखतीत त्याने सांगितलं की मैदानावर उतरणं त्याच्यासाठी नरकासारखं झालंय, सराव चांगला होतो पण सामन्यात डोक्यातले विचार थांबत नाहीत, आणि लाजेने घराबाहेर पडावंसं वाटत नाही. हे वाचल्यावर मला माझा भाऊ विंगरच्या मागे का लपायचा ते पुन्हा कळलं. ती मुलाखत आल्यावर चेल्सीविरुद्धच्या सामन्यात तो बदली म्हणून उतरला तेव्हा त्याच कॅम्प नाऊने टाळ्या वाजवल्या. उशीर झाला होता. त्याच वर्षी तो इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबला उसना गेला, आणि एव्हर्टनने पुढच्या उन्हाळ्यात त्याला विकतच घेतलं.

मग ओरडायचं कोणावर? ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांच्यावर, आणि तिथे मनसोक्त. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधली काही तिकिटं ७७ पौंडांची करायचं ठरवलं. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात सत्त्याहत्तराव्या मिनिटाला हजारो चाहते उठून निघून गेले. मालकांनी काही दिवसांत माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. स्पेनमध्ये पांढरे रुमाल हलवून अध्यक्ष आणि प्रशिक्षकावरचा राग दाखवायची जुनी रीत आहे, मला ती आवडते. वाईट खेळाडू स्वतःला संघात निवडत नाही. दुखापतीतून अर्धवट बरा झालेला लेफ्ट बॅक खेळवला, कारण त्या जागेला दुसरा माणूसच घेतला नव्हता, तर दोष कोणाचा? आमच्या क्लबातही दुसरा लेफ्ट बॅक नव्हता. समितीतल्या एकालाही कोणी कधी शिट्टी मारली नाही. ते काकांच्या पुढच्याच रांगेत बसायचे.

काही गोष्टी इथे सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फक्त भावाची बाजू घेतोय. जो धावतच नाही, चेंडू गमावल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो, त्याच्याबद्दल मी हे बोलत नाहीये. धडपडणारा आणि अंग चोरणारा यांत फरक आहे आणि तो स्टँडमधूनही दिसतो. शेवटची शिट्टी झाल्यावर अख्ख्या संघावर नाराजी दाखवली तर मला काही वाटत नाही, आम्हीही ती खाली मान घालून ऐकली आहे आणि बहुतेक वेळा ती रास्त होती. पास चुकल्यावर तोंडातून आपोआप "अरेरे" निघतं, त्याला कोणी थांबवू शकत नाही. आणि रंगावरून, वंशावरून ओरडणं हा या चर्चेचा विषयच नाही, तो गुन्हा आहे आणि तसं ओरडणाऱ्याला मैदानाबाहेरच काढलं पाहिजे.

चेंडू पायाला लागायच्या आधीच हुर्यो उडवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. मार्च २०२२ मध्ये वेम्बलीवर आयव्हरी कोस्टविरुद्धच्या सामन्याआधी इंग्लंडचा बचावपटू हॅरी मॅग्वायरचं नाव पुकारलं गेलं तेव्हाच इंग्लंडच्याच प्रेक्षकांतून आवाज आला. प्रेक्षकांचा राग त्याच्या क्लबमधल्या हंगामाबद्दल होता, इंग्लंडसाठी तो नीट खेळत होता. इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट उघडपणे चिडले होते आणि ते योग्यच केलं.

तुम्ही शेवटी विचारलंय, "मग आम्ही काय नुसतं गप्प बसायचं?" नाही. लहान मैदान असेल तर तुमचा आवाज खेळाडूला खरंच उपयोगी पडतो. पाठीमागून माणूस येतोय, वेळ आहे, वळ, हे टचलाइनजवळून ओरडा. मोठ्या स्टेडियममध्ये ते ऐकू जाणार नाही, तिथे एवढंच करा: चूक झाल्यानंतर तो पुढचा चेंडू मागायला रुंद गेला, की त्या मागण्याला टाळी द्या. पास नंतर कसा का जाईना. माझ्या भावाला त्या पहिल्या अर्ध्या तासात अशी एक टाळी मिळाली असती, तर तो टचलाइन सोडून आत आला नसता, असं मी काकांना म्हणतो. काका म्हणतात, टाळ्यांनी पोरं बिघडतात. त्यांना हे उत्तर मी पाठवणार आहे.