मायक्रोकंट्रोलरच्या बूटलोडरमध्ये (चिप चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) फर्मवेअरचा, म्हणजे चिपमधल्या मुख्य प्रोग्रॅमचा, शा-256 हॅश (फाईलवरून निघणारा ठसा) तपासला की पुरे का, की सिग्नेचर (डिजिटल सही) लागतेच? फ्लॅश फक्त 64 केबी आहे.

नाही पुरे. हॅश काढायला कुठलीच की (गुप्त किल्ली) लागत नाही, त्यामुळे ज्याने बायनरीत हात घातला तो नवा हॅशही बसवूनच देणार. डाउनलोड अर्धवट राहिलं का एवढंच त्याने कळतं, आणि तेवढ्यासाठी सीआरसी-32 (चुका पकडणारा साधा चेकसम) पण चालतो.

हाच वाद मी आधीच्या कंपनीत घातलाय म्हणून लिहितोय. शेतीपंपाचे स्टार्टर बनवायचो, अपडेट ब्लूटूथवरून. आमचे साहेब दर मीटिंगला "शा-256 आहे, बँका वापरतात" म्हणून विषय मिटवायचे. शेवटी मी रिलीजची फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली, ओव्हरलोड ट्रिपची लिमिट होती ते बाइट बदलले, शेवटचे 32 बाइट म्हणजे जुना हॅश, तो उडवून नवा काढून चिकटवला आणि सगळ्यांसमोर मोबाईलवरून पाठवली. एलसीडीवर 'अपडेट ओके', लिमिट दुप्पट! साहेब काय म्हणावेत? "पण पंप हॅक करायला कोण बसलंय?" अहो, मोटर ट्रिप होते म्हणून रिलेच बायपास करणारे मेकॅनिक आहेत आपल्याकडे, त्यांना हे मोबाईलवर मिळालं तर सोडतील का?

मग तडजोड म्हणून एचमॅक (गुप्त की मिसळून काढलेला हॅश) आला, सगळ्या पीसमध्ये एकच की. म्हणजे कुलपासोबत मास्टर किल्लीही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी. 2016 मध्ये फिलिप्स ह्यूच्या स्मार्ट बल्बांचं हेच झालं, एका मॉडेलच्या सगळ्या बल्बांना फर्मवेअरची एईएस (एन्क्रिप्शनची) की सारखीच, संशोधकांनी चिप किती पॉवर खाते ते मोजून ती की काढली आणि आपलं फर्मवेअर आत घातलं.

तुम्ही सरळ ईसीडीएसए पी-256 किंवा ईडी25519 (डिजिटल सहीच्या पद्धती) घ्या, सही 64 बाइटची, ती होते तुमच्याकडच्या प्रायव्हेट कीने, बूटलोडरमध्ये फक्त पब्लिक की, जिने सही तपासता येते, करता येत नाही. ईसीडीएसएची मायक्रो-ईसीसी ही लायब्ररी काही केबीत बसते, 64 मध्ये रडायचं कारण नाही. हॅश लागतोच, सही त्याच्यावरच होते. फक्त हॅशची तुलना मेमसीएमपीने (सगळे बाइट जुळवणारं सी भाषेतलं फंक्शन) करा. निन्टेंडो वी या गेम कन्सोलमध्ये एसटीआरएनसीएमपी (मजकूर जुळवणारं, शून्य बाइटला थांबणारं फंक्शन) होतं, दोन्ही हॅश शून्य बाइटने सुरू झाले की तुलना तिथेच संपायची आणि खोटी सही पास.

हां, एसडब्ल्यूडीच्या (चिपला थेट जोडायचं डिबग पोर्ट) पिना उघड्या असतील तर हे सगळं पाण्यात, बूटलोडरच बदलता येतो. तो राइट-प्रोटेक्ट करा, डिबग लॉक करा. जुनं सही केलेलं व्हर्जनही परत घेऊ देऊ नका. आणि प्रायव्हेट की गिटमध्ये नको, साहेबांच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको.