वाचकांचे प्रश्न : कंपायलरचे पर्याय, अनेक भाषा

प्रश्न : जीसीसी या कंपायलरसंचावर शिकवण्यापुरती एक लहान भाषा बसवतो आहोत. '-जे' (कॅपिटल) दिला की जादा तपशील छापायचा, एवढेच हवे आहे. पण '-जे' नंतर फाइलचे नाव दिले की 'इनपुट फाइलच नाही' अशी तक्रार येते. शिवाय '-वॉल' (नेहमीचे इशारे चालू करणारा पर्याय) ला आमचे स्वतःचे मदतवाक्य दिल्यावर बिल्डच तुटते. — विद्यार्थी, फोंडा

उत्तर : दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच. तुमच्या भाषेचे पर्याय नोंदवणारी लँग.ऑप्ट फाइल वेगळी असली, तरी बिल्डच्या वेळी सगळ्या भाषांच्या ऑप्ट फाइली एकत्र होऊन पर्यायांचा एकच तक्ता तयार होतो. त्यात एका नावाला एकच ओळ. तेच नाव चार फाइलींत असेल, तर हा तक्ता बनवणारी ऑक भाषेतली स्क्रिप्ट त्यांचे गुणधर्म एकामागे एक जोडून टाकते.

आता '-जे' पाहा. फोर्ट्रानमध्ये तो मॉड्यूल फाइलींची डिरेक्टरी घेतो आणि त्याच्यावर 'जॉइन्ड' व 'सेपरेट' असे गुणधर्म आहेत, म्हणजे किंमत चिकटून किंवा पुढच्या शब्दात. तुम्ही काही लिहिले नाहीत म्हणून ते गुणधर्म गळत नाहीत. जोडणीत तुमच्या भाषेलाही लागू होतात. मग '-जे' पुढचा शब्द गिळतो, आणि तो शब्द म्हणजे तुमची सोर्स फाइल! डी भाषेतही '-जे' आहे, तिथे तो मजकूर आयात करण्याची डिरेक्टरी सांगतो. अर्थ निराळा, तरी भांडण नाही, कारण दोघांचा साचा, म्हणजे किंमत घेण्याची पद्धत, एकच आहे. अर्थ लावण्याचे काम ज्या त्या फ्रंट-एंडचे (कंपायलरचा त्या भाषेपुरता भाग) हँडलर करते. साचा मात्र सामाईक.

म्हणून '-जे' सोडा. '-एफ' ने सुरू होणारे, भाषेचे नाव घातलेले लांब नाव घ्या आणि 'व्हार' ने एक चल जोडा. अशा नावाला 'नो-' रूप आपोआप मिळते. नको असेल तर 'रिजेक्टनेगेटिव्ह' लिहा. किंमत घेणारे रूपही हवे असेल, तर शेवटी '=' असलेले नाव ही वेगळी नोंद धरली जाते. सी मधला '-डब्ल्यूफॉरमॅट' असाच '-डब्ल्यूफॉरमॅट=' चा उपनाम आहे.

'-वॉल' चे दुखणे सोपे. एकाच नावाला दोन निरनिराळी मदतवाक्ये दिसली, की स्क्रिप्ट तयार होणाऱ्या ऑप्शन्स फाइलीत '#एरर' ओळ घालते. तुमच्या नोंदीत भाषेचे नाव तेवढे ठेवा, मदतवाक्याच्या जागी अर्धविरामाने सुरू होणारी 'सी मध्ये नोंदवले आहे' अशी टीप लिहा. फोर्ट्रानवाले हेच करतात. 'इनिट' च्या सुरुवातीच्या किमती जुळल्या नाहीत तरी असाच एरर येतो. साच्याच्या गोंधळाला मात्र असा एरर येईल, या भरवशावर राहू नका. तुमचा '-जे' बिल्ड होताना गप्पच होता ना?

नाव ठरवण्याआधी कॉमन.ऑप्ट, सी-फॅमिलीतली सी.ऑप्ट आणि प्रत्येक भाषेची लँग.ऑप्ट यांत ग्रेप मारा, म्हणजे ते नाव शोधा. '-एम' ने सुरू होणारे नाव असेल तर कॉन्फिगखालच्या प्रोसेसरांच्या फाइलीही बघा. शेवटची चाचणी सगळ्या भाषा चालू ठेवून करा. एडासाठी आधीचा एडा कंपायलर लागतो. डीसाठी, जीसीसी 12 पासून, डीचाच कंपायलर लागतो. रोजच्या बिल्डला '--डिसेबल-बूटस्ट्रॅप' द्या, नाहीतर कंपायलर स्वतःलाच तीनदा बांधत बसतो आणि जुलैत फोंड्याची वीज तेवढी थांबेल याची खात्री नाही.

प्रश्न : सी आणि सी++ मिळून असलेल्या प्रकल्पात '-एसटीडी=सी++17' दिला की सी च्या प्रत्येक फाइलीला इशारा येतो. — म्हापसा

उत्तर : तो पर्याय सी++ चा आहे, सी फ्रंट-एंड तो ओळखून बाजूला ठेवतो एवढेच. मेकफाइलमध्ये तो सीफ्लॅग्जमधून (सी चे पर्याय) काढून सीएक्सएक्सफ्लॅग्जमध्ये (सी++ चे पर्याय) टाका. सगळे इशारे बंद करणारा '-डब्ल्यू' (स्मॉल) लावू नका, खरे इशारेही त्यात बुडतात.