यकृतातल्या स्टेलेट पेशी ओळखायला अल्फा-एसएमए हे एकच मार्कर पुरेसं आहे का?

अजिबात नाही. स्टेलेट पेशी म्हणजे यकृतात व्हिटॅमिन ए साठवणाऱ्या ताऱ्यासारख्या पेशी, मार्कर म्हणजे पेशी ओळखायची खूण आणि अल्फा-एसएमए हे स्नायूपेशींत असणारं एक प्रथिन. निरोगी यकृतात अल्फा-एसएमए दिसतं ते मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत. शांत स्टेलेट पेशीत ते जवळपास नसतंच. इजा झाल्यावर ती पेशी सक्रिय होते, कोलॅजन तयार करू लागते, तेव्हा ते येतं. त्यावरून पेशीची अवस्था कळते, कूळ कळत नाही.

यावरून माझं एका वरिष्ठांशी चांगलंच वाजलं होतं. उंदराच्या यकृतातून मी या पेशी वेगळ्या केल्या होत्या. व्हिटॅमिन एच्या मेदथेंबांमुळे त्या हलक्या असतात, सेंट्रिफ्यूजमध्ये वरच्या थरात येतात. अतिनील प्रकाशात निळसर-हिरव्या चमकल्या आणि बघता बघता ती चमक विझली. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए, असंच विझतं, याहून बोलका पुरावा कोणता? पण त्यांना अल्फा-एसएमएच हवं होतं. ते निगेटिव्ह आलं आणि ‘या स्टेलेट पेशी नाहीतच’ असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. डेस्मिन (पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन, उंदरात या पेशींची खूण) पॉझिटिव्ह होतं, त्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवल्या. काही दिवसांत त्या पसरल्या, थेंब आटले, अल्फा-एसएमए ठळक दिसू लागलं. तर म्हणतात, ‘आता जमलं बघ!’ अहो, पेशी त्याच होत्या. कडक प्लास्टिकवर त्या आपोआप सक्रिय होतात, हे पाठ्यपुस्तकात आहे.

एका स्टेनवर (पेशी रंगवायच्या पद्धतीवर) विसंबणं जुनंच दुखणं आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ कुप्फरने 1876 मध्ये गोल्ड क्लोराइडने या ताऱ्यासारख्या पेशी दाखवल्या आणि पुढे स्वतःच त्यांना भक्षक पेशी समजला. तो गुंता थेट 1971 मध्ये केन्जिरो वाके यांनी सोडवला.

तेव्हा उंदरात डेस्मिन किंवा पीडीजीएफआर-बीटा (पेशीवरचा एक ग्राहक) घ्या, सोबत एलआरएटी (व्हिटॅमिन ए साठवायला लागणारं विकर). कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या भक्षक पेशी, वगळायला सीएलईसी4एफ, सायनुसॉइडच्या (यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) अस्तरातल्या एंडोथेलियल पेशींसाठी स्टॅबिलिन-2. मात्र माणसाच्या यकृतात डेस्मिनवर भिस्त ठेवू नका, आणि सीएलईसी4एफ तर उंदरापुरतंच धरा. फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साचणं) असेल तर पोर्टल फायब्रोब्लास्टही (यकृतात येणाऱ्या पोर्टल शिरेभोवतीच्या तंतू बनवणाऱ्या पेशी) अल्फा-एसएमए दाखवतात, हेही आलंच.

तुमचेही वरिष्ठ अडून बसले असतील तर वाद घालत बसू नका. ताज्या पेशी आणि डिशमधल्या पेशी, दोन्हींचं डेस्मिन आणि अल्फा-एसएमए एकाच चित्रात शेजारी-शेजारी लावा आणि सगळ्यांसमोर ठेवा.