अ‍ॅम्ब्युलन्स घेताय? आधी तिची फरशी उचलून बघा

प्रश्न : माझं मोटार रिवाइंडिंगचं आणि सबमर्सिबल पंप दुरुस्तीचं काम आहे. शेतावर जाऊन काम करता यावं म्हणून मोठी गाडी हवी. एका ट्रस्टच्या दवाखान्याची 2015 ची फोर्स ट्रॅव्हलर अ‍ॅम्ब्युलन्स विकायला आहे. मीटरवर फक्त 78 हजार किलोमीटर आहेत, किंमत तीन लाख वीस हजार सांगतात. दुसरीकडे, सरकारी लिलावातली 2008 ची अ‍ॅम्ब्युलन्स निम्म्याहून कमी पैशात मिळवून देतो, असं एजंट म्हणतो. कोणती घ्यावी? आतली कपाटं तशीच वापरता येतील का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : लिलावाची गाडी डोक्यातून काढून टाका, भाऊ. सरकारी मालकीच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की तिची नोंदणी पुढे चालत नाही, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. ती गाडी भंगारातच जायची. एजंट काहीही सांगो, ती तुमच्या नावावर होऊन रस्त्यावर येणार नाही.

ट्रस्टची गाडी बघण्यासारखी आहे. पण त्या 78 हजारांवर भाळू नका. अ‍ॅम्ब्युलन्स धावते त्याहून जास्त वेळ उभी असते, आणि तीही इंजिन चालू ठेवून, कारण आत पेशंट असतो आणि एसी लागतो. मीटर किलोमीटर मोजतो, इंजिन किती तास चाललं ते मोजत नाही. म्हणून सकाळी लवकर जा आणि आधी सुरू करून ठेवू नका, असं त्यांना फोनवरच सांगा. गार इंजिन किती सेलमध्ये, म्हणजे किती वेळा स्टार्टर मारल्यावर, उचलतं ते बघा. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून धूर फुसफुसत असेल तर इंजिनकाम निघणार, हे धरूनच भाव करा.

माझी शिरोलीला बॉडी बिल्डिंगची शेड आहे. इथे आलेल्या प्रत्येक अ‍ॅम्ब्युलन्सची मी पहिल्यांदा फरशी बघतो. वरून विनाइल चकचकीत असतं. मागच्या दाराशी त्याची कड उचला आणि खालच्या प्लायवूडमध्ये स्क्रू-ड्रायव्हर टोचा. रोज फरशी धुतली जाते, हायपोक्लोराइट पडतं, ते पाणी स्ट्रेचरच्या रुळांच्या बोल्टमधून खाली झिरपतं. मागच्या वर्षी आलेल्या एका गाडीत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, ओल्या पावात जावा तसा. खालच्या क्रॉस मेंबरचे, म्हणजे फरशीखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचे, पापुद्रे हातात आले. हे काम आतून पूर्ण करावं लागतं, वरून पत्रा ठोकून भागत नाही.

साफसफाईला पोरांना नुसत्या हातांनी लावू नका. बाकड्यांच्या फटींत सुया सापडतात. जाड हातमोजे घाला, एक टक्का हायपोक्लोराइटने पुसून घ्या, आणि त्यात टॉयलेटचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. ऑक्सिजनचे सिलिंडर दवाखान्यालाच उतरवून घ्यायला सांगा. नळ्या आणि व्हॉल्व्हसुद्धा काढून टाका. तुमच्या हाताला कायम ग्रीस, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं की भडका उडू शकतो.

आता कागद. गाडी ट्रस्टच्या नावावर आहे, तेव्हा विश्वस्तांचा विक्रीचा ठराव आणि सहीचा अधिकार कोणाला दिला ते लेखी घ्या. गाडी खासदार-आमदार निधीतून आलेली असेल (बाजूला तसं रंगवलेलं असतं), तर विकायची परवानगी दाखवल्याशिवाय विसारही देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की तीस दिवसांत आरटीओत नाव बदलायला अर्ज करा, आणि चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीलाही कळवा.

त्यानंतरच आत हात घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बदलाची मंजुरी आधी, काम नंतर. मोबाइल वर्कशॉप हा वेगळा वर्ग आहे, आरसीवर तो लागला पाहिजे. नाहीतर अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. वर्ग बदलला की स्पीड गव्हर्नरही (वेगाला मर्यादा घालणारं यंत्र) लागतो. अ‍ॅम्ब्युलन्सला त्यातून सूट असते, म्हणून या गाडीत तो बहुधा नसेल, आणि फिटनेसच्या दिवशी ऐनवेळी धावपळ होते. कराची सवलत घेतलेली असेल तर फरक भरावा लागेल.

सायरन, वरचा दिवा आणि पुढची उलटी अक्षरं मात्र गाडी ताब्यात आली त्याच दिवशी उतरवा. रंगकाम पुढच्या महिन्यात करू, असं म्हणू नका. 2019 मध्ये अशीच एक गाडी मी स्वतः रात्री कराडहून आणत होतो. अक्षरं तशीच होती. एका फाट्यावर चार माणसं हात करत रस्त्यात आली. त्यांच्याबरोबर बाळंतीण होती, आणि माझ्या गाडीत ना स्ट्रेचर, ना बाकडं. सतरंजीवर निजवून तिला दवाखान्यात पोचवलं. दोघं सुखरूप आहेत. पण आमची गाडी दिसली म्हणून त्यांनी आलेली रिक्षा परत पाठवली होती. तेव्हापासून अक्षरं खरवडल्याशिवाय गाडी मी जागची हलवत नाही.

कपाटांचं म्हणाल तर वरची ठेवा. पॉलीरॅप (रिवाइंडिंगच्या) वायरची बंडलं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), बेअरिंग-सीलचे डबे त्यात छान बसतात. खालची काढा, ती औषधांच्या वजनाची असतात, लोखंडाच्या नाही. स्ट्रेचरचे रूळ मात्र काढू नका. खाली नवीन प्लेट टाकून ते पुन्हा बोल्ट केले की साडेसात एचपीची मोटार त्यांवरून एकटा माणूस आत सरकवतो. गाडी बघायला जाताना एक जड मोटार टेम्पोत टाकून न्या आणि पंपासकट अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मागच्या बाजूला ठेवून बघा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) किती बसतात ते तिथेच कळेल.