न दिसणारा धूर

मागच्या अंकात पेनसिल्व्हेनियातल्या मालगाड्यांवर लिहिताना मी जीईच्या (अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या) 'इव्होल्यूशन' मालिकेतल्या डिझेल इंजिनांचा ओझरता उल्लेख केला होता. भरलेली गाडी घेऊन इंजिन आठव्या नॉचवर, म्हणजे पूर्ण जोरावर, घाट चढतंय आणि धुराड्यावर फक्त गरम हवा थरथरतेय, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतो. माझी नोकरी डिझेल शेडमध्ये गेली, त्यामुळे उत्तरांना थोडा ल्यूब ऑइलचा वास येईल. आणखी एक, जीईचा रेल्वे इंजिनांचा धंदा 2019 मध्ये वॅबटेक या अमेरिकन कंपनीकडे गेला. पण रुळांजवळचे लोक अजून जीईच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

प्रश्न : आमच्या लहानपणी मिरज स्टेशनातून गाडी निघाली की इंजिन काळ्या धुराचा लोट सोडायचं, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. या अमेरिकन इंजिनांच्या धुराड्यात गाळणी असते का? — एक वाचक, मिरज

गाळणी नसते. तुम्ही पाहिलेला काळा लोट म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. आपल्याकडच्या जुन्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनाच्या ड्रायव्हरने नॉच वाढवली की गव्हर्नर (तेलाचं प्रमाण ठरवणारं यंत्र) लगेच तेल वाढवून द्यायचा, पण टर्बोला (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला काही सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात तेल भरपूर आणि हवा अपुरी. टर्बो तयार झाला की धूर पातळ व्हायचा. नाही झाला तर तेल फवारणारा इंजेक्टर गळतोय किंवा टर्बो थकलाय हे आम्हाला कळायचं, मग इंजिन लोड बॉक्सला लावून, म्हणजे उभ्या जागी भार टाकून, पाहायचं.

हा धूर आवरणं त्यामानाने सोपं आहे. टर्बोची हवा येईपर्यंत तेल हात राखून द्यायचं, आणि तेल सोडायचं ते मोठ्या दाबाने, अगदी बारीक फवाऱ्यात. हे काम संगणक गव्हर्नरपेक्षा पुष्कळ चांगलं करतो.

अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स. ती तेलातून येत नाहीत. सिलिंडरमधली ज्वाला फार तापली की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि ती तयार होतात. पुढे उन्हात त्यांच्यापासून ओझोन आणि शहरावरचं ते पिवळट धुरकं बनतं. यातली गोम अशी की तेल जितकं कडक आणि पूर्ण जळेल तितकी काजळी कमी होते आणि नॉक्स वाढतो. एकीला गरम ज्वाला हवी, दुसऱ्याला थंड. तेलाचा फवारा (इंजेक्शन) थोडा उशिरा सोडला तर नॉक्स उतरतो, पण तेल जास्त लागतं, आणि मालगाडी चालवणाऱ्या कंपनीसमोर तो आकडा घेऊन उभं राहायची कोणाची छाती नसते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 1998 मध्ये रेल्वे इंजिनांसाठी मर्यादांच्या पायऱ्या, म्हणजे टियर, ठरवल्या आणि 2008 मध्ये त्यात आणखी दोन जोडल्या. नियम नव्हते तेव्हा इंजिनं दर अश्वशक्ती-तासाला (एक अश्वशक्ती तासभर वापरली की) साधारण 13 ग्रॅम नॉक्स सोडत. 2005 पासून लागू झालेल्या टियर 2 मध्ये मर्यादा आली 5.5 ग्रॅमवर, आणि 2015 पासूनच्या टियर 4 मध्ये 1.3 वर. काजळीची मर्यादा मुळात टियर 2 ला 0.20 ग्रॅम होती, टियर 4 ला 0.03 झाली.

इव्होल्यूशन मालिका 2005 मध्ये आली ती टियर 2 ची पायरी गाठायला. टर्बोने दाबलेली हवा तापते, म्हणून ती सिलिंडरमध्ये जाण्याआधी गार करावी लागते. पूर्वी हे काम पाण्यावर भागायचं. जीईने पाण्याच्या कूलरनंतर बाहेरच्या हवेवर चालणारा आणखी एक कूलर घातला. आत जाणारी हवाच गार असली की ज्वालेचा पारा तितका वर चढत नाही, शिवाय गार हवा दाट असल्यामुळे ऑक्सिजनही जास्त मावतो. नॉक्स उतरला आणि तेलही वाचलं. आधीच्या इंजिनापेक्षा प्रदूषण सुमारे 40 टक्के कमी आणि तेल 5 टक्क्यांपर्यंत कमी असा कंपनीचा दावा होता. दाव्यातलं थोडं जाहिरातबाजी म्हणून सोडून द्या, तरी दोन्ही आकडे एकाच वेळी खाली आणणं ही फुशारकी मारण्याजोगीच गोष्ट आहे. लोक इंजिनाचं कौतुक करतात. मला विचाराल तर या मालिकेत सगळ्यात हुशार भाग रेडिएटरकडचा आहे.

प्रश्न : सोळाऐवजी बारा सिलिंडर आणि शक्ती तेवढीच, असं वाचलं. मग एकेका सिलिंडरवर ताण नाही का येत? — एक निवृत्त लोको पायलट, दौंड

येतो, आणि तो मुद्दाम घेतलेला आहे. हिशेब मांडू. आपल्या डब्ल्यूडीएम-2 च्या अल्को इंजिनाची 2,600 अश्वशक्ती सोळा सिलिंडरांत वाटली तर एकाला सुमारे 162 येते. जीईचं जुनं एफडीएल सोळा सिलिंडरांत 4,400 द्यायचं, म्हणजे एकाला 275. इव्होल्यूशनचं जीईव्हीओ तेच 4,400 बारांत देतं, म्हणजे एकाला जवळजवळ 367.

गंमत अशी की अल्को 251 आणि एफडीएल दोन्हींचं सिलिंडर एकाच मापाचं आहे, 9 इंच बोअर (आतला व्यास) आणि साडेदहा इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव). तुम्ही चालवलेलं आणि अमेरिकेत त्याच्या पावणेदोनपट ताकद देणारं, पिस्टन दोन्हींत सारखाच. त्या मापातून यापुढे काही निघणार नव्हतं. जीईव्हीओचा बोअर 250 मिलिमीटर आणि स्ट्रोक 320 आहे, म्हणजे एका सिलिंडरची जागा 11 लिटरवरून पावणेसोळा लिटरवर गेली. ब्लॉक, लायनर, हेड, सगळं जास्त दाब सोसेल असं केलं.

हे माप आकाशातून पडलेलं नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत 6,000 अश्वशक्तीच्या इंजिनांची हौस आली होती. जीईने जर्मनीच्या डॉइट्झबरोबर सोळा सिलिंडरचं नवं इंजिन केलं आणि एसी6000 मध्ये बसवलं. त्याने सुरुवातीला बराच त्रास दिला. शिवाय रेल्वे कंपन्यांच्या लक्षात आलं की एवढ्या ताकदीचं इंजिन वाटेत बसलं तर अर्धी गाडीच बसते. हौस ओसरली, पण त्या इंजिनाचा अभ्यास वाया गेला नाही. त्याचे चार सिलिंडर कमी करून, दुखरी ठिकाणं सुधारून जीईव्हीओ उभं राहिलं. आणि चार पॉवर असेंब्ली (सिलिंडर, पिस्टन, हेड असा अख्खा संच) कमी म्हणजे काय, हे ज्याने जूनच्या दुपारी शेडमध्ये पॉवर असेंब्ली बदलली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : टियर 4 साठी ट्रक आणि बसप्रमाणे युरिया का वापरला नाही? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे

युरियाने नॉक्स धुराड्यात मारता येतो, रस्त्यावरच्या बीएस-6 ट्रकांत तेच चालतं. पण अमेरिकेतली मालगाडी दोन-दोन हजार मैल जाते, आणि एका इंजिनाची टाकी सुमारे 19,000 लिटरची असते. डिझेल भरण्याच्या प्रत्येक ठिकाणी युरियाच्या टाक्या, पंप, थंडीत तो गोठू नये म्हणून हीटर, एवढा पसारा कंपन्यांना नको होता. त्यांनी इंजिन बनवणाऱ्यांना सांगितलं, जे करायचं ते इंजिनातच करा.

जीईने जळून गेलेल्या वायूचा काही भाग गार करून परत सिलिंडरमध्ये सोडला. चुलीतल्या विस्तवावर राख सारली की तो विझत नाही, मंदावतो, तसंच हे. त्या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त, ते उष्णता पिऊन घेतात आणि ज्वाला थंड राहते. पण ज्वाला थंड झाली की काजळी डोकं वर काढते. तिच्यासाठी कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना मोठ्या दाबाचं तेल पुरवणारी एकच नळी, आणली आणि फवाऱ्याचा दाब खूप वाढवला. परत फिरवलेला वायू गार करायचा तर रेडिएटर आणखी मोठा हवा. म्हणजे पुन्हा तेच, मुक्काम पोस्ट रेडिएटर. हे मॉडेल ईटी44एसी.

प्रतिस्पर्धी ईएमडी ही अमेरिकन इंजिन कंपनी इथे अडकली. तिचं 710 हे टू-स्ट्रोक इंजिन जगभर नावाजलेलं (आपल्या डब्ल्यूडीजी-4 मध्ये तेच आहे, त्याचा आवाज मला आजही आवडतो), पण युरियाशिवाय ते टियर 4 मध्ये बसेना. शेवटी ईएमडीने बारा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन काढून एसडी70एसीई-टी4 आणलं. ते 2015 च्या शरदात लोकांसमोर आलं, तोवर नियम लागू होऊन महिने उलटले होते आणि जीईची इंजिनं रुळांवर धावत होती.

आता जे कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही ते. टियर 4 ची मर्यादा नव्या इंजिनांना आहे. जुनं इंजिन उघडून नव्याने बांधलं तर त्याला त्याच्या मूळ पायरीची, थोडी कडक केलेली मर्यादा लागते. कंपन्यांनी सरळ हिशेब केला. सुरुवातीच्या काही वर्षांत टियर 4 ची इंजिनं घेतली, मग खरेदी आटली आणि वीस-पंचवीस वर्षांची जीईची डॅश-9 इंजिनं कारखान्यात पाठवून एसी मोटरी (या इंजिनांत डिझेलवर वीज बनते आणि चाकं मोटरी फिरवतात), नवी केबिन, नवे संगणक बसवून घेण्याची रांग लागली. हे काम करून देणाऱ्यांतही जीई आहेच. बेकायदा काही नाही, सांगाडा वाचतो, पैसाही वाचतो. पण सगळ्यात स्वच्छ इंजिन इतकं महाग झालं की मधल्या पायरीवरची इंजिनं आणखी पंधरा-वीस वर्षं धावणार, हा त्या नियमाचा परिणाम आहे आणि तो मला पटत नाही. नियम करणाऱ्यांनी जुन्यांची दुरुस्ती आणि नव्यांची खरेदी एकाच तराजूत घालायला हवी होती.

प्रश्न : मुलाने बीएनएसएफ या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या एका इंजिनाचा फोटो पाठवला. त्यात बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) मधल्या चाकाला मोटरच नाही म्हणतो. खरं का? — एक वाचक, नाशिक रोड

खरं आहे. ते ईएस44सी4. बीएनएसएफसाठी 2009 च्या सुमारास सुरू झालं. प्रत्येक बोगीत तीन आस, मोटरी बाहेरच्या दोनांना, मधला नुसता वजन वाहतो. एसी मोटर घसरायला लागली की तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर तिला क्षणात आवरतो, म्हणून चार एसी मोटरी जुन्या सहा डीसी मोटरींइतकं ओढतात आणि दोन मोटरींचा खर्च वाचतो. गाडी उचलताना हवेच्या दाबाचे सिलिंडर मधल्या आसावरचं वजन कमी करून ते मोटरवाल्या चाकांवर टाकतात. मुलाला सांगा, बोगीच्या कडेला ते सिलिंडर शोध.

प्रश्न : ही इंजिनं भारतात आहेत का? — एक वाचक, परळी वैजनाथ

आहेत. 2015 च्या करारानुसार बिहारच्या सारण जिल्ह्यात मढौरा इथे कारखाना झाला. एकेकाळी हे गाव मॉर्टनच्या टॉफीसाठी ओळखलं जायचं. 1,000 इंजिनांचा करार, त्यात 700 डब्ल्यूडीजी-4जी 4,500 अश्वशक्तीची आणि 300 डब्ल्यूडीजी-6जी 6,000 अश्वशक्तीची. पहिल्यात बारा सिलिंडरचं जीईव्हीओ, दुसऱ्यात सोळाचं. अमेरिकेतल्या इंजिनाचं वजन 190 टनांच्या पुढे जातं, आपल्या रुळांना ते झेपणार नाही, म्हणून आपलं त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे. ती ईपीएच्या टियर 4 ची इंजिनं नाहीत, तशी समजूत करून घेऊ नका.

करार झाला आणि पाठोपाठ विद्युतीकरणाचा वेग इतका वाढला की आज ब्रॉडगेजचा जवळपास सगळा पसारा तारेखाली आहे. मग एवढ्या डिझेल इंजिनांचं काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. 2025 पासून मढौऱ्याची इंजिनं आफ्रिकेत गिनीला जाऊ लागली, तिथल्या सिमांडूच्या लोहखनिजासाठी. कारखान्याला काम मिळालं हे चांगलं झालं.

प्रश्न : लेकीकडे न्यू जर्सीला जाते आहे. मला यंत्रातलं फार कळत नाही, पण ही इंजिनं बघायला आवडतील. ओळखायची कशी? — एक वाचक, सातारा

इंजिनाचं मागचं टोक बघा. माथ्याशी दोन्ही बाजूंना जाड पंख बाहेर आलेले दिसले तर इव्होल्यूशन. तो भाग फारच अवजड, वरून काही लादल्यासारखा दिसला तर टियर 4 चं. केबिनमागे डाव्या अंगाला मोठं कपाट असेल तर एसी मोटरी. काळा रंग आणि पांढरा घोडा म्हणजे नॉरफॉक सदर्न. तिने 2012 मध्ये वीस इंजिनांना जुन्या, विलीन झालेल्या रेल्वे कंपन्यांचे रंग दिले, त्यातली दहा इव्होल्यूशनची आहेत. असं एखादं दिसलं तर रुळांजवळचे सगळे कॅमेरे तिकडे वळतात, त्यावरूनच कळेल.

जागा म्हणाल तर पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाजवळचं हॉर्सशू कर्व्ह. 1854 चं वळण, गाडीचं तोंड आणि शेपूट एकाच वेळी दिसतं, आणि मागून ढकलणारी बँकर इंजिनंही लागलेली असतात, आपल्या बोरघाटासारखी. अ‍ॅमट्रॅकची पेनसिल्व्हेनियन ही गाडी न्यूयॉर्कहून न्यूअर्कमार्गे रोज एकदा तिथून जाते. तिथल्या बागेत जायचं असेल तर हिवाळा टाळा आणि निघण्याआधी ती उघडी आहे का ते लेकीला बघायला सांगा.