पॅनेलला काय सांगायचं, ऑफिसकडे काय मागायचं

कॅटचा निकाल लागून एमबीएच्या मुलाखतींचे कॉल यायला लागले, की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मला एडीएचडी आहे. मुलाखतीत सांगितलं तर घेणार नाहीत. नाही सांगितलं तर फसवल्यासारखं होईल. काय करू?" एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, एका जागी बसणं, हातातलं काम तडीला नेणं अवघड करणारी मेंदूच्या वाढीतली अडचण. अशाच एका मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, वडिलांची शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री. बारावीपर्यंत आई शेजारी बसून अभ्यास घ्यायची, त्यामुळे मार्क चांगले. इंजिनिअरिंगला आईचा हात सुटला आणि दुसऱ्या वर्षी केट्या, म्हणजे नापास झालेले विषय, साचून इयर डाऊन, पुढच्या वर्षात प्रवेशच नाही. घरात 'आळशी', 'मोबाइलने वाटोळं केलं' हे सगळं बोलून झाल्यावर कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. डॉक्टरांनी शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागवली, कारण एडीएचडीची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसत होती का, हे निदान करताना बघावं लागतं. प्रगतिपुस्तकांत सगळं होतं. वह्या अपूर्ण, जागेवर बसत नाही, हुशार आहे पण लक्ष नाही. औषध सुरू झालं, अभ्यासाची घडी माझ्याकडे बसवली, आणि पुढे डिग्री होईपर्यंत एकही केटी लागली नाही.

आता हातात दोन संस्थांचे कॉल होते आणि घरात तीन मतं. आई म्हणायची, "एकदा सांगितलं की शिक्का बसतोय बघा. उद्या लग्नाचं बघायचंय." वडील म्हणायचे, "लपवाछपवी कशाला? जे हाय ते सांगून टाकायचं." आणि मामा म्हणायचे, ओळख आहे, सर्टिफिकेट काढू, दिव्यांग कोट्यातून सीट पक्की.

मामांचं आधी मिटवलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) आहे, पण एडीएचडी नावाने नाही. शिवाय आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावं लागतं आणि ते सरकारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, ओळखीचा डॉक्टर नव्हे. खोटेपणाने हे लाभ घेतले तर त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही बऱ्याचदा असते, म्हणून याची तीही चाचणी झाली होती. निघाली नाही. तेव्हा कोट्याचा विषय संपला.

पण आरक्षण वेगळं आणि सोय वेगळी, ही गोष्ट पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात लेखनिक (परीक्षेत उत्तरं लिहून देणारा) मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. एडीएचडीवाल्याला आपोआप काही मिळेल, असा याचा अर्थ होत नाही. मात्र प्रमाणपत्र नाही म्हणजे मागायचंच नाही, असंही राहत नाही. कागद दाखवून मागता येतं, संस्था विचार करते, कधी देते, कधी नाही.

मग मी मुलाला विचारलं, मुलाखतीत तुझं नेमकं कुठे अडतं? "एडीएचडीमुळे त्रास होतो" हे उत्तर मी घेतलं नाही. थोडं खोदल्यावर निघालं ते असं. तीन भागांचा लांबलचक प्रश्न आला की तिसऱ्यापर्यंत पहिला भाग डोक्यातून उडून जातो. दुपारचा स्लॉट मिळाला तर सकाळच्या गोळीचा असर उतरलेला असतो. आणि मुलाखतीबरोबर होणाऱ्या लेखी चाचणीत विचार भराभर येतात, कागदावर मांडायला वेळ पुरत नाही.

यातल्या पहिल्यासाठी निदान सांगायची गरजच नाही. "सर, प्रश्न टिपून घेऊ का?" किंवा "दुसरा भाग पुन्हा सांगाल का?" हे कोणीही विचारू शकतं, आणि पॅनेलला ते खटकत नाही. उलट विचार करून बोलणारा मुलगा वाटतो. उरले दोन मुद्दे, सकाळचा स्लॉट आणि लेखी चाचणीला जादा वेळ. हे मागायचं ठिकाण प्रवेश कार्यालय. पॅनेलसमोर खुर्चीत बसल्यावर मागून काही उपयोग नाही. कॉल लेटर आल्या आल्या ईमेल करायचा, दिव्यांग कक्ष किंवा समान संधी कक्ष असेल तर त्यालाही पाठवायचा. सोबत मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र. इथे माझ्या लेटरहेडला किंमत नाही, मी समुपदेशक आहे, निदान करणारी नाही. डॉक्टरांना मी एवढंच सुचवलं की पत्रात नुसतं आजाराचं नाव नको. निदान कधी आणि कशावरून झालं, कोणत्या कामात काय अडतं, त्यासाठी कोणती सोय लागेल, हे असावं. ईमेलच्या शेवटी आम्ही एक ओळ घातली: ही माहिती सोयीच्या व्यवस्थेपुरती आहे, मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत जाऊ नये ही विनंती.

एका संस्थेने दोन्ही गोष्टी दिल्या. दुसरीने स्लॉट बदलून दिला, जादा वेळेला मात्र नियमात बसत नाही म्हणून नकार कळवला. तक्रार निवारणाकडे जाता आलं असतं, पण तारीख तोंडावर आली होती. त्याने ठरवलं की तेवढ्या वेळेत बसवू. निर्णय त्याचा, मी भरीस घातलं नाही.

आता वडिलांचा मुद्दा, लपवाछपवीचा. फॉर्मवर दिव्यांग प्रवर्गाचा प्रश्न असतो. प्रमाणपत्र नसताना तिथे 'नाही' लिहिणं हे खरंच उत्तर आहे. कुणी विचारलेलं नसताना तब्येतीची माहिती न देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मधुमेह असलेला उमेदवार आत जाऊन आधी साखर सांगत नाही. पण थेट विचारलं तर खोटं सांगायचं नाही, आणि इयर डाऊनबद्दल विचारणार हे नक्की होतं. घरच्यांचं आजारपण वगैरे बनावट कारण तर मी कुणालाच देऊ देत नाही. पुढच्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

सरावात त्याला विचारलं, दुसऱ्या वर्षी काय झालं? गडी जो सुटला तो डोपामीन, मेंदूचा पुढचा भाग, शाळेतल्या बाई, आईचे कष्ट असं फिरून आला, आणि प्रश्न काय होता ते आम्ही दोघंही विसरलो. हसलो, पुन्हा बसलो. शेवटी दोन उत्तरं तयार झाली. पहिल्यात नाव नाही: "दुसऱ्या वर्षी माझी अभ्यासाची पद्धत कोलमडली. तज्ज्ञांची मदत घेतली, पद्धत बदलली, त्यानंतर एकही केटी नाही." दुसऱ्यात नाव आहे, पण तेवढंच लांब: "मला एडीएचडीचं निदान उशिरा झालं. उपचारांनंतरचे मार्क तुमच्यासमोर आहेत." पुढे विचारलं तर काय करतो ते सांगायचं, काय होतं ते नाही.

एका ठिकाणी पहिल्या उत्तरावर भागलं. दुसऱ्या ठिकाणी पॅनेलमधल्या बाईंनी धरलं, "मदत म्हणजे कसली?" त्याने नाव घेतलं. त्यावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे दोन वर्षं श्वास घ्यायला सवड नसते. झेपेल?" प्रश्न बोचरा होता, पण सरावात आम्ही याहून वाईट विचारले होते. त्याने फौंड्रीचं सांगितलं. सेकंड शिफ्टला डिस्पॅच तो बघायचा. कोणती गाडी, कोणतं कास्टिंग, चलान झालं का, हे डोक्यात राहत नाही म्हणून दारातच मोठा फळा लावला, काम झालं की पुसायचं. आता वडीलही त्या फळ्यावरच चालतात. पुढचा सगळा वेळ चर्चा डिस्पॅचवर झाली.

नाव घेतलं तिथे तो वेटिंग लिस्टवर अडकला, नाव घेतलं नाही तिथे सीट मिळाली. "बघा, मी म्हणत नव्हते?" आईंनी लगेच निकाल लावला. मला तो पटत नाही. वेटिंग लागली तिथे त्याचा पर्सेंटाइल मुळातच काठावर होता. दोन मुलाखतींवरून नियम काढू नये.

ज्यांना मुलाखतच नाही त्यांनी या विचारात झोप घालवू नये. महाराष्ट्रातल्या सीईटीवरच्या एमबीए कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या, नीटवरचं एमबीबीएस, क्लॅटवरचं लॉ, इथे गुणांवर प्रवेश होतो. तिथे काही मागायचं तर परीक्षेच्या अर्जाच्या वेळीच, निकषात बसत असाल तर. अमेरिकेला अर्ज करणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथल्या कॉलेजांना प्रवेशाआधी दिव्यांगत्वाबद्दल विचारायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. सोयींची मागणी प्रवेशानंतर त्यांच्या स्वतंत्र कार्यालयात होते.

आमच्या मुलाने फी भरल्यावर संस्थेला स्वतः पत्र लिहिलं. परीक्षेला शांत खोली आणि जादा वेळ मागितला. मुलाखतीला दिलेला कागद परीक्षेला आपोआप लागू होत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. मी त्याला आणखी एक काम लावलं: हॉस्टेलच्या खोलीआधी त्या शहरातला मानसोपचारतज्ज्ञ शोधायचा. त्याची गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच, त्यामुळे इथल्या डॉक्टरांकडून उपचारांचा सारांश घेऊन पहिल्याच आठवड्यात तिथली अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलं.