माणूस कोणी नेला हे सिद्ध झाले, की पुढचे उत्तर नेणाऱ्याने द्यायचे

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातील तंबाखू पिकवणारे शेतकरी. गेल्या महिन्यात साध्या वेशातील चौघांनी माझ्या धाकट्या भावाला रात्री घरातून नेले. ठाण्यात विचारले, तर ‘आमच्याकडे असा कोणी नाही’ असे सांगितले. तिसऱ्या दिवशी पहाटे तो चालत घरी आला आणि आपल्याला ठाण्यातच कोंडले होते, असे म्हणाला. गावातील जाणती मंडळी म्हणतात, पोरगा जिवंत आला, आता विषय वाढवू नका. पण त्या दोन रात्री आई एकच विचारत होती : त्याचे काही बरेवाईट झाले असते आणि देहही हाती लागला नसता, तर कोणाला शिक्षा झाली असती का? पंजाबातील जसवंतसिंग खालरा यांच्या खटल्यात अपिलात शिक्षा वाढल्याचे वाचले. ते कसे घडले? शिवाय आम्हांला कन्नड लिहिता येत नाही. मराठीत दिलेला अर्ज चालेल का?
— एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, आधी आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. देह सापडला नाही तरी खुनाची शिक्षा होऊ शकते, आणि खालरा यांच्या खटल्यात ती झाली.

पोलिसांनी बेवारस म्हणून दहन केलेल्या देहांच्या नोंदी अमृतसर जिल्ह्यातील स्मशानांतून जमवणारे खालरा यांना ६ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी त्यांच्या घरासमोरून उचलून नेण्यात आले, आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी परमजित कौर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. पतियाळाच्या सत्र न्यायालयाने १८ नोव्हेंबर २००५ रोजी सहा पोलिसांना दोषी ठरवले : दोघांना जन्मठेप, चौघांना सात वर्षे. आरोपींनी अपील केले. परंतु आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, त्यासाठी दुसऱ्या बाजूनेही न्यायालयात जावे लागते. परमजित कौर यांनी शिक्षावाढीसाठी पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयाने तपासावा असा अर्ज, केला होता. १६ ऑक्टोबर २००७ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जन्मठेप झालेल्या दोघांपैकी एकाला निर्दोष सोडले आणि त्या चौघांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. ४ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपिले फेटाळली. त्या घरासमोरच्या सकाळपासून सोळा वर्षे उलटली होती, हे मला कधीही सहजपणे लिहिता येत नाही.

बचावाचा मुख्य मुद्दा आपल्या आईंच्या भीतीसारखाच होता : देह कोठे आहे? त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे असे, की देह मिळालाच पाहिजे असा हट्ट धरला, तर देह नष्ट करणारा प्रत्येक आरोपी सुटेल. दुसरा आक्षेप साक्षीदारावर होता. ठाण्यात नेमलेल्या एका विशेष पोलीस अधिकाऱ्याने कोठडीतील छळ आणि देह हरिकेजवळ पाण्यात टाकल्याची हकिकत सांगितली, पण ती काही वर्षांनी. ज्यांच्याविरुद्ध बोलायचे तेच अधिकारपदावर असताना माणूस गप्प राहतो, हे न्यायालयाने समजून घेतले आणि इतर पुराव्यांशी ताडून त्याची साक्ष स्वीकारली.

माझ्या मते निकालाचा गाभा मात्र पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. जी गोष्ट विशेषकरून एखाद्यालाच ठाऊक असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. पोलिसांनी माणूस नेला हे सिद्ध झाले, की त्याचे पुढे काय झाले हे पोलिसांनीच सांगायचे. याचा अर्थ सगळा भार आरोपीवर जातो असा मुळीच नाही; माणूस नेला, कोणी नेला आणि तो कोठडीत दिसला, हे आधी सरकारी पक्षालाच शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही, तर हे कलम हात देत नाही.

म्हणूनच त्या पहिल्या रात्रीचा कागद फार मोलाचा असतो. खालरा यांच्या वेळी तारा गेल्या होत्या. तार सेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण स्पीड पोस्टाची पावती आणि ई-मेलची वेळ तेच काम करते. तोंडी विचारपूस मागे काही ठेवत नाही. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे, आणि अटकेचे ज्ञापन, म्हणजे अटकेची लेखी नोंद, करून नातेवाइकांना कळवणेही कायद्याने बंधनकारक आहे. तसे न झाल्यास बेळगाव जिल्ह्यातील माणसाने कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात बंदीप्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पस), म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा आदेश मागणारा, अर्ज करावा. नवरा, भाऊ, मुलगा कोठे आहे, एवढे विचारायलाही तो पुरतो.

मराठीबद्दल निःशंक राहा. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतो. अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत कळवली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. न समजणाऱ्या कन्नड कागदावर भावाची सही घेतली असेल, तर तेही अर्जात लिहा. सोबत कन्नड प्रत जोडली तर काम अडवायला निमित्त राहत नाही, एवढ्यासाठीच जोडावी. पोच मात्र शिक्क्यासह घ्या.

गावातील मंडळींचा सल्ला काळजीपोटी आहे, तरी मला तो मान्य नाही. दोन दिवस नोंदीशिवाय कोंडून ठेवणे हा स्वतंत्र अपराध आहे. भावाच्या अंगावर खुणा असतील, तर आजच सरकारी रुग्णालयात नोंद करवून घ्या. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. स्त्री म्हणून आपल्याला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकील मागा. त्या वकिलांकडून पहिला अर्ज ठाण्यातील त्या दोन रात्रींचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी करवून घ्या. चित्रण अठरा महिने, आणि यंत्रणा तोकडी असली तरी किमान एक वर्ष राखावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. त्यातला एक महिना गेला आहे.